पाणी कुठे फुटतं

"काय काम करतेस?" असं कोणी विचारलं की मी "भांडी धुते" म्हणते आणि विषय संपतो. समोरच्या बाईला वाटतं, ही चार घरची कामं करत असेल. वाटलं तर वाटू दे. खरं सांगायला बसलं तर बरंच बोलावं लागतं आणि ते माझ्याच्याने होत नाही. आमच्या चाळीच्या दिवाळी अंकात यंदा सगळ्यांनी आपापल्या कामाबद्दल लिहायचं आहे. मी काही देणार नाही, पण मनात विषय आला तो जाईना. लिहिताना समोर कोणी बसलेलं नसतं, म्हणून लिहिते.

काळाचौकीला एका गाळ्यात आमचा मुलाम्याचा कारखाना आहे. पितळेच्या वस्तूंवर आम्ही निकेल चढवतो. समया, निरांजनं, अत्तरदाण्या, हॉटेलातले ट्रे, बँडवाल्यांचे कर्णे, असं काहीही येतं. वस्तू आधी बफच्या चाकावर चमकवतात. त्या चाकाला मेणासारखी वडी लावतात आणि तिचा तेलकट थर वस्तूवर राहतो. तो काढणं हे माझं काम. उकळत्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, ब्रशने घासायचं, साध्या पाण्यातून काढायचं. तिथून वस्तू टाकीवाल्याच्या हातात जाते. तो ती पातळ तेजाबात बुडवतो, पुन्हा एकदा साध्या पाण्यातून काढतो आणि ओली असतानाच निकेलच्या टाकीत टांगतो. टाकीत वीज सोडली की पिवळी वस्तू पांढरी होते.

आता वस्तू स्वच्छ झाली की नाही हे ओळखायचं कसं? मी कामाला लागले तेव्हा थोरले मालक होते, आताचा मालक निलेश याचे वडील. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "शालनबाई, तुम्ही बघू नका. पाण्याला बघू दे." म्हणजे वस्तू पाण्यातून वर काढायची आणि तिरकी धरायची. स्वच्छ असेल तर पाणी तिच्या अख्ख्या अंगावर सलग पसरतं आणि तसंच सावकाश खाली उतरतं. कुठे नखाएवढा जरी तेलाचा अंश असेल तरी पाणी त्या जागेवरून मागे सरतं, पसरलेल्या पाण्याला भोक पडतं आणि भोकाच्या कडेला थेंब गोळा होतात. आम्ही म्हणतो, पाणी फुटलं. फुटलं की वस्तू परत सोड्यात. कारण जिथे पाणी धरत नाही तिथे निकेलही धरत नाही. वरून दिसायला चढतं, पण काही दिवसांनी सुटतं.

एवढं कळलं तरी काम चालतं. मला मात्र त्या पाण्याचा नाद लागला. विहारात मेणबत्त्या लावतो तेव्हा मेण फरशीवर सांडतं. पुसायला बसले की मी आधी त्या मेणावर पाण्याचा एक थेंब सोडते. तो टपोरा होऊन बसतो, बोटाने ढकलला तर घरंगळतो. शेजारीच उघड्या फरशीवर तसाच थेंब सोडला तर चपटा होऊन पसरतो. कोबीच्या पानावर वेगळं, नव्या छत्रीवर वेगळं, काचेच्या पेल्यावर वेगळं. पाणी एकाच नळाचं, मग ते जागा बघून का वागतं? विचार करून करून मी माझ्यापुरतं असं ठरवलं की पाण्याला स्वतःला धरून राहायची ओढ असते. ज्याच्यावर ते पडतं त्याने त्याहून जास्त ओढलं तर ते पसरतं. खालच्याने ओढलंच नाही तर ते अंग चोरून बसतं. लग्नाच्या हॉलमध्ये मी बसते तसं.

गिऱ्हाइकांना हे पटवणं कठीण. एकदा इथल्याच एका मंडळाचे दोन कार्यकर्ते गणपतीचा पितळी मुकुट घेऊन आले. समोर उभं राहून करून घ्यायचं असा त्यांचा हट्ट. मी मुकुट धुऊन वर काढला, पाणी छान सलग होतं. तेवढ्यात त्यातल्या एकाने पुढे होऊन मुकुटाला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

"दादा, हात नका लावू," मी म्हटलं.

"ताई, बाप्पाच्या मुकुटाला हात लावायचा नाही म्हणजे काय? वर्गणी आम्हीच गोळा केलीय."

"डाग पडेल."

"आमच्या हाताने डाग पडेल?" तो मित्राकडे वळला. "ऐक, आपण काय कोळसे विकतो काय?"

दोघं हसायला लागले. मी मुकुट पुन्हा पाण्यात बुडवून काढला आणि त्यांच्यासमोर तिरका धरला. सगळीकडे पाणी पसरलं, फक्त एका जागी फुटलं. तिथे अंगठ्याची एक एक रेघ मोजून घ्यावी इतकी स्वच्छ उमटली होती. तो बघतच राहिला. मग मित्र म्हणाला, "अरे, आधार कार्ड काढलं बाईंनी तुझं!" मुकुट परत सोड्यात गेला आणि निकेल चढेपर्यंत दोघेही हात मागे बांधून उभे होते.

हे झालं गमतीचं. गेल्या वर्षीच्या दसऱ्यानंतर जे झालं ते गमतीचं नव्हतं.

आमचे टाकीवाले म्हणजे सदूभाऊ. मालवणकडचे, लालबागला राहतात, माझ्या आधीपासून या कारखान्यात आहेत. निकेलच्या टाकीचा रंग बघून, वाफेचा वास घेऊन ते सांगतात की आज काय कमी पडलंय. तेजाब, त्यापुढचं शेवटचं पाणी आणि निकेल, हा सगळा त्यांचा मुलूख. तिथे दुसऱ्या कोणी वाकूनही बघितलेलं त्यांना खपत नाही. एरवी बोलतात चाळीतल्या सगळ्यांसारखं, चिडले की मालवणीवर येतात.

दसरा उलटून काम सुरू झालं आणि पहिल्याच मालाचा मुलामा सुटायला लागला. दिवाळीसाठी गिरगावातल्या एका दुकानाची निरांजनं होती. टाकीतून चकाचक निघायची आणि नख लावलं की उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा पापुद्रा निघून यायचा. सदूभाऊंनी धुण्याचं सगळं पाणी बदललं, वीज कमी केली, वाढवली. काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. दुकानवाल्याचे फोन यायला लागले.

निलेशने केमिकल देणाऱ्या कंपनीच्या माणसाला बोलावलं. तो टाकीतलं पाणी बाटलीत भरून घेऊन गेला आणि तपासून परत आला. म्हणाला, "टाकी एकदम ठीक आहे. वस्तू टाकीत जायच्या आधीच तेलकट होतेय."

निलेशने माझ्याकडे बघितलं. मी एक निरांजन सोड्यातून काढलं, पाण्यात बुडवून तिरकं धरलं. पाणी फुटलं नाही. त्या माणसाने स्वतः आणखी दोन-तीन निरांजनं काढून बघितली. "यांच्याकडे स्वच्छ आहे," तो म्हणाला.

माझी सुटका झाली, आणि त्याच वाक्याने सदूभाऊ अडकले. माझ्यापर्यंत ठीक, टाकी ठीक, मग मधे उरलं कोण?

निलेश वाईट मुलगा नाही. लहानपणी सदूभाऊंच्या खांद्यावर बसून तो गणपती बघायला गेलेला आहे. पण त्याच दुपारी तो म्हणाला, "काका, राग मानू नका. वय झालं की हात पहिल्यासारखा राहत नाही. कुठेतरी हात लागत असेल, उशीर होत असेल. दिवाळीचा माल जाऊ दे, मग तुम्ही आराम करा. मी दुसरा माणूस बघतोय."

"आराम?" सदूभाऊ म्हणाले. "आराम करूक घरात जागा खंय आसा?"

सदूभाऊ टाकीकडे गेले. संध्याकाळपर्यंत ते सारखे आपले हात उलटेपालटे करून बघत होते.

जाण्याआधी तो कंपनीचा माणूस माझ्याजवळ थांबला होता. मी पितळेच्या एका टाकाऊ पट्टीवर झाडूच्या काडीने थेंब सोडून, डोळा पट्टीच्या पातळीला नेऊन बघत होते. मला वाटलं हसेल. तो माझ्या शेजारी उकिडवा बसला.

"काय बघताय?"

"कड," मी म्हटलं. "थेंबाची कड कशी टेकलीय ते."

त्याने खिशातून माचिस काढली. एक काडी थेंबाच्या पाठीला लागून, जिथे थेंब पट्टीला टेकतो तिथे तिरपी धरली. "ही काडी आणि पट्टी यांच्यात, थेंबाच्या पोटाच्या बाजूने, जेवढी फट आहे ना तो कोन. आम्ही तो मोजतो. काडी जितकी आडवी पडेल तितकं पाणी त्या वस्तूला धरतंय. मेणावर बघाल तर काडी उभी राहून पलीकडे कलते." मग म्हणाला, "आमच्याकडे याचं यंत्र आहे. बाजूने कॅमेरा लावून फोटो काढतात."

"फक्त थेंबाचा फोटो?"

"फक्त थेंबाचा."

त्या दिवशी कारखान्यात सगळ्यांची तोंडं उतरलेली होती आणि मला मात्र मनातून केवढा आनंद झाला होता. कुठेतरी शिकलेली माणसं पगार घेऊन दिवसभर थेंबाची कड बघतात! मी काही वेडी नाही तर.

रात्री मग झोपेपर्यंत मी तेच घोळवत होते. स्वच्छ निघालेली वस्तू मधल्या मधे तेलकट होते. कुठे? मी माझ्या पाण्यानंतर पुढे कधी बघितलंच नव्हतं. कोणीच बघितलं नव्हतं. शेवटच्या पाण्यातून काढलेली वस्तू लगेच निकेलमध्ये गेली पाहिजे, हवेत वाळली तर डाग पडतो. त्यामुळे तिथे वस्तू तिरकी धरून बघत बसायची पद्धतच नाही.

दुसऱ्या दिवशी सदूभाऊ डबा घेऊन बाहेर पायरीवर बसले होते तेव्हा मी ती टाकाऊ पट्टी घेतली. सोडा, माझं पाणी, काडीने एक थेंब. सपाट पसरला. तेजाबात बुडवली, वर काढली, पाणी सलग. शेवटच्या पाण्यात बुडवली, वर काढली आणि पाणी फुटलं. एका जागी नाही, सगळ्या अंगभर. थेंब सोडला तर फुगून बसला. पुन्हा पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच.

म्हणजे धुण्याचं पाणीच वस्तू घाण करत होतं. हे मला आधी पटेना. मग मी ट्यूबलाइटच्या उजेडात त्या पाण्याकडे तिरकं बघितलं. वर अगदी पुसट रंग हलत होते, पेट्रोल सांडल्यावर दिसतात तसे. वस्तू पाण्यात बुडते तेव्हा ओलीच असते, तिचं काही बिघडत नाही. वर येताना मात्र ती वरचा तेलाचा पापुद्रा अंगावर ओढून घेते. मी वर्तमानपत्राचं पान त्या पाण्यावर अंथरून उचललं आणि लगेच पट्टी बुडवून काढली. पाणी सलग!

पण सदूभाऊ तर रोज पाणी बदलत होते. तेल येत कुठून होतं? मी वाट बघत बसले. थोड्या वेळाने रंग पुन्हा दिसायला लागले, आणि ते एकाच बाजूने येत होते. त्या बाजूला या शेवटच्या पाण्याच्या टाकीच्या काठावर फळी आहे, वस्तू टांगायची दांडी तिच्यावर टेकते. जुनी फळी कुजली होती, म्हणून सदूभाऊंनी गणपतीला गावी गेले तेव्हा घरच्या फणसाची फळी आणून बसवली होती. पाणी हललं की फळीच्या खालच्या अंगाला लागायचं आणि फळी तेल सोडायची. मी वाकून वास घेतला. खोबरेल.

मग सगळं लक्षात आलं. खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची आणि टाक्यांची पूजा होते. कोकणात त्या दिवशी कोयत्याला, विळीला, नांगराच्या लाकडाला तेलाचा हात देतात. सदूभाऊंनी आपल्या नव्या फळीला पोटभर तेल पाजलं होतं. नवं लाकूड, ते प्यायलंही असेल भरपूर. मी ते बघितलं नव्हतं, कारण त्या दिवशी मी लवकर निघते. आम्ही बौद्ध. दुसऱ्या दिवशी विहारात आमचा कार्यक्रम असतो, त्याची तयारी असते. टाकीला हार घालतात तेव्हा मी बाजूला उभी असते, पेढा घेते आणि जाते. इतक्या वर्षांत यावरून कोणी मला काही बोललं नाही आणि मी कोणाला नाही.

आता मीच सांगायचं की पूजेच्या तेलाने माल बिघडला? निलेशला सांगितलं तर तो म्हणेल, बघा, चूक काकांचीच होती. गप्प बसले तर हात गेला असं ऐकून सदूभाऊ घरी जाणार. दोन्हीकडून जाणार तेच. आणि सदूभाऊंना सांगितलं तर त्यांना माझं बोलणं ऐकू येईल की ते माझी जात बघतील? त्यांनी कधी बघितली नव्हती. पण मी कधी असं काही बोललेही नव्हते.

शेवटी ठरवलं, बोलायचंच नाही. दाखवायचं. सदूभाऊ डबा धुऊन आत आले.

"सदूभाऊ, जरा ही पट्टी बघता?"

"पट्टी दिसतां माका. पुढे?"

मी पट्टी शेवटच्या पाण्यात बुडवली.

"ए! माझ्या पाण्यात कोणाक विचारून घातलंस गे?"

मी पट्टी वर काढून तिरकी धरली. पाणी फुटलं. मी पाण्यावर कागद टाकून उचलला, सोड्यात धुतलेली दुसरी पट्टी बुडवून काढली. सलग. दोन्ही पट्ट्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी उजेडाकडे धरून त्या पुन्हा पुन्हा बघितल्या.

"तेल," ते म्हणाले. "खंयचा तेल?"

माझी नजर फळीकडे गेली असणार, कारण त्यांचीही तिकडे गेली. त्यांनी फळीच्या खालून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि तसेच स्टुलावर बसले.

"घरच्या नारळांचा," ते म्हणाले. "लाकूड फुटात म्हणान लावलंय." मग त्यांनी विचारलं, "निलेशक सांगितलंस?"

"नाही."

"कित्याक?"

"तुमचं पाणी आहे."

ते उठले. हातोडी घेऊन त्यांनी फळी उखडली, काखेत मारली आणि निलेशच्या टेबलाकडे गेले. मी सोड्याजवळ उभी राहून ऐकत होते.

"ही घे."

"काय हे काका?"

"तुझो प्रॉब्लेम."

निलेशला काही कळेना. सदूभाऊंनी सगळं सांगितलं, तेल कोणी लावलं, कधी लावलं, का लावलं. कुठेही आवाज खाली केला नाही.

"टाकीला तेल लावलंत? काका, तुम्ही?"

"फळीक लावलंय. पूजेक आरती कोण म्हणत होतो? तूच मां?"

निलेश हसला की काय मला दिसलं नाही. मग त्याने विचारलं, "म्हणजे टाकी बरोबर आहे?"

"टाकी बरोबर आसा. हात बरोबर आसत. फळी चुकली."

"कोणी शोधलं?"

"शालनन. तिका विचारू नको, ती बोलाची नाय."

त्या दिवसापासून फळीच्या जागी प्लॅस्टिकचा पाइप आहे. सुटलेला सगळा माल पुन्हा उतरवून चढवावा लागला. दिवाळी गाठताना सगळ्यांची दमछाक झाली. दुसऱ्या माणसाचं नाव निलेशने परत काढलं नाही. मला एकच वाईट वाटत होतं, सदूभाऊ माझ्याशी बोलत नव्हते. वस्तू हातात घ्यायचे, मान वळवायचे. मी समजून चालले होते की हे आता असंच राहणार.

एका सकाळी त्यांनी पहिलं निरांजन शेवटच्या पाण्यातून वर काढलं आणि निकेलमध्ये न टांगता तसंच धरून उभे राहिले.

"काय गे, बहिरी झालंस? ये हयसर."

मी हात पुसत गेले. त्यांच्या मुलखात पाय टाकायला अजून संकोच वाटतो. निरांजन त्यांनी माझ्यासमोर तिरकं केलं. मी वाकून बघायला लागले. पाणी कडेपर्यंत पोचलं होतं, खाली उतरत होतं, ज्योतीच्या खळग्यातही सलग होतं.

"किती बघतंस? लगीन ठरवतंस काय त्याचा? वाळात ता!"

"टाका," मी म्हटलं.

आता रोज सकाळी पहिली वस्तू मला दाखवल्याशिवाय ते निकेलमध्ये सोडत नाहीत. आणि रोज शिव्या घालतात, की बाई फार वेळ लावते.